स्टॉपवॉच थांबवणारं बोट: क्रोनोग्राफ आणि वेळेची नोंद

लंबक

घड्याळांच्या जाहिरातीत हल्ली 'क्रोनोग्राफ' सर्रास दिसतो. डायलवर दोन-तीन छोट्या तबकड्या, चावीच्या वर-खाली दोन बटणं आणि कडेला ६० पासून ५०० पर्यंत आकडे. दुकानदार मात्र क्रोनोग्राफ आणि क्रोनोमीटर यांची सरमिसळ करतात, म्हणून आधी तेवढं मिटवून टाकू. क्रोनोमीटर म्हणजे अचूकतेच्या परीक्षेत उतरलेलं घड्याळ. स्वित्झर्लंडमध्ये सीओएससी ही संस्था १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत यंत्र तपासते. रोज सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, एवढीच मुभा. क्रोनोग्राफ म्हणजे मूळ घड्याळ चालू ठेवून एखाद्या घटनेला किती वेळ लागला ते मोजायची सोय. एकच घड्याळ दोन्ही असू शकतं, किंवा दोन्हींपैकी एकच.

आता मुद्द्याचं. १ सप्टेंबर १८२१ रोजी पॅरिसच्या शां द मार्सवर घोड्यांच्या शर्यती होत्या. निकोला रियसेक या घड्याळजीने तिथे एक पेटी आणली होती. तिच्यात तबकडी फिरायची आणि घोड्याने रेषा ओलांडली की बटण दाबायचं, म्हणजे शाईचा ठिपका तबकडीवर पडायचा. एकामागून एक येणाऱ्या घोड्यांचे ठिपके तिथेच उमटून राहायचे, शर्यत संपल्यावर निवांत वाचता यायचे. बरीच वर्षं हाच पहिला क्रोनोग्राफ मानला जात होता. मग २०१३ मध्ये लुई म्वाने याचं १८१६ मधलं यंत्र उजेडात आलं. ताऱ्यांच्या निरीक्षणासाठी त्याने ते केलं होतं. त्याचा काटा सेकंदाचा साठावा भाग दाखवतो आणि तोल (आतलं झुलणारं चाक) तासाला २,१६,००० ठोके देतो. आजची बहुतेक यांत्रिक मनगटी घड्याळं तासाला २८,८०० ठोके देतात, यावरून अंदाज घ्या.

शून्यावर परत येण्याची युक्ती १८४४ ची, अडॉल्फ निकोल याच्या पेटंटातली. काट्याच्या दांड्यावर हृदयाच्या आकाराची छोटी चकती बसवलेली असते. बटण दाबलं की एक हातोडी त्या चकतीच्या कडेवर येऊन दाबते. काटा कुठेही असो, चकती घरंगळत फिरते आणि तिचा सगळ्यात बसका भाग हातोडीखाली आला की थांबते. तीच शून्याची जागा. आजच्या यांत्रिक क्रोनोग्राफमध्येही हेच तत्त्व आहे.

माझं म्हणणं असं: दोनशे वर्षांत यंत्र कुठल्या कुठे गेलं, पण 'सुरू' आणि 'बंद' हे क्षण कोण ठरवणार हा प्रश्न हटला नाही. वेळ मोजताना होणारी मोठी चूक बहुतेकदा घड्याळात नसतेच, ती घटना आणि घड्याळ यांच्या मधल्या माणसाची असते. त्यावर लोकांनी काय काय उपाय केले, हे मला या धाग्यात गोळा करायचं आहे. जाणकारांनी भर घालावी.

रानजाई

छान विषय. वाखू (वाचनखूण) साठवली आहे. ते कडेचे ५०० पर्यंतचे आकडे कशाचे असतात? नवऱ्याच्या घड्याळावर आहेत, त्यालाही सांगता येत नाही.

जुनाबाजार

रानजाई ताई, ते टॅकिमीटर. ३६०० ला सेकंदांनी भागलं की ताशी वेग मिळतो, तो भागाकार डायलवर आयता छापलेला असतो. एक्स्प्रेसवेवर किलोमीटरच्या एका पाटीला काटा सुरू करा, पुढच्या पाटीला थांबवा. ३६ सेकंदांवर थांबला तर समोर १०० दिसेल. बटण मात्र शेजारी बसलेल्याने दाबायचं. काही जुन्या घड्याळांवर टेलिमीटर असतो: वीज चमकली की सुरू, गडगडाट ऐकू आला की बंद, काटा थेट किलोमीटर दाखवतो. आवाजाला एक किलोमीटर यायला जवळपास तीन सेकंद लागतात, त्या हिशोबाने त्याच्या खुणा असतात. डॉक्टरांच्या घड्याळावर नाडीची पट्टी असायची. १५ किंवा ३० ठोके मोजून थांबवलं की मिनिटाचे ठोके वाचता येतात.

लंबक, यंत्राबद्दल थोडं माझ्याकडून. बटणाचा हुकूम आतल्या तरफांपर्यंत पोचवायचे दोन मार्ग आहेत. एक कॉलम व्हील: किल्ल्याच्या बुरुजासारखे उभे दात असलेलं चाक. बटण दाबलं की ते एक घर पुढे सरकतं. तरफेचं टोक दातावर चढलं किंवा दोन दातांमधल्या फटीत उतरलं की क्लच जोडला किंवा सोडला जातो. दुसरा मार्ग कॅमचा, म्हणजे ठोकून काढलेल्या एकावर एक बसणाऱ्या पट्ट्यांचा. १९७० च्या दशकात आलेलं वाल्जू ७७५० हे कॅमवालं यंत्र आजही असंख्य ब्रँडच्या घड्याळांत आहे. कॉलम व्हीलचं बटण लोण्यात सुरी जावी तसं दबतं, कॅमचं थोडं कडक. लोक यावरून भांडतात, पण मोजमापाच्या अचूकतेत या फरकाने काही बिघडत नाही.

बिघडतं ते ठोक्यांमुळे. यांत्रिक काटा सरकत नाही, तो उड्या मारतो. तासाला १८,००० ठोके म्हणजे सेकंदात पाच उड्या. त्याहून बारीक वेळ त्या घड्याळाला दाखवताच येत नाही. २८,८०० वाल्यात आठ उड्या. झेनिथचं एल प्रिमेरो ३६,००० चं, म्हणून त्याला सेकंदाचा बरोबर दहावा भाग मिळतो. हॉयरने १९१६ मध्ये सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारं मायक्रोग्राफ हे हातातलं स्टॉपवॉच काढलं, त्यात तासाला ३,६०,००० ठोके होते. घड्याळ घेताना आधी ठोके बघा आणि मग डायलवरच्या खुणा. यंत्राला जमणार नाहीत इतक्या बारीक खुणा छापलेल्या कितीतरी डायली मी पाहिल्या आहेत.

जुना क्रोनोग्राफ घेणाऱ्यांसाठी: सुरू करा, कुठेही थांबवा, शून्यावर आणा, आणि हे पुन्हा पुन्हा करा. काटा दर वेळी बाराच्या रेषेवर नेमका बसला पाहिजे. इकडे तिकडे बसत असेल तर हातोडी किंवा हृदयचकती झिजलेली असते, नाहीतर कोणीतरी काटा काढून सैल बसवलेला असतो. आणि आपल्याकडच्या बाजारात डायल पुन्हा रंगवलेली घड्याळं खूप फिरतात. अक्षरांच्या कडा भिंगाखाली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

खगोलमित्र

लंबक, तुम्ही जो प्रश्न मांडलाय तो खगोलशास्त्रात १७९६ मध्येच पेटला होता. ग्रिनिचच्या वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलिन प्रमुख होते आणि डेव्हिड किनब्रुक त्यांचे सहायक. काम असं: दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात बारीक उभ्या तारा ताणलेल्या, आकाशातला तारा त्यांना ओलांडून जाताना बघायचा. शेजारी लंबकाचं घड्याळ टिकटिकतंय. डोळा ताऱ्यावर, कान घड्याळावर. एका टिकेला तो उभ्या तारेच्या अलीकडे किती होता आणि पुढच्या टिकेला पलीकडे किती गेला, यावरून मनातल्या मनात सेकंदाचा दहावा भाग काढायचा. याला डोळा-कान पद्धत म्हणत.

किनब्रुकच्या नोंदी मॅस्केलिनपेक्षा आधी अर्धा सेकंद आणि पुढे ०.८ सेकंद उशिराच्या येऊ लागल्या. मॅस्केलिननी त्याला कामावरून काढलं. ०.८ सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण तेवढ्यात विषुववृत्तावरचा बिंदू जवळजवळ ३७० मीटर फिरलेला असतो. याच वेधांवर रेखांश आणि जहाजांचे नकाशे उभे होते. मला त्या सहायकाबद्दल खरंच वाईट वाटतं, कारण तो कामचुकार होता असं म्हणायला काही आधार नाही. पंचवीसेक वर्षांनी कोनिग्सबर्गच्या बेसेलने ही नोंद वाचली आणि स्वतःची तुलना इतर नामांकित निरीक्षकांशी केली. आर्गेलांडर आणि बेसेल यांच्यात तर एक सेकंदाहून जास्त फरक निघाला! दोघेही पहिल्या दर्जाचे खगोलज्ञ. मग लक्षात आलं की प्रत्येकाचा मेंदू डोळ्याचं आणि कानाचं गणित आपापल्या गतीने जुळवतो. या फरकाला 'वैयक्तिक समीकरण' असं नाव मिळालं आणि मेंदूच्या प्रतिक्रियेचा वेळ मोजायच्या पुढच्या कामाला इथूनच धक्का मिळाला.

उपाय म्हणून आला ढोलाचा क्रोनोग्राफ. १८५० च्या सुमारास अमेरिकेत विजेच्या तारेचा हा उपयोग सुरू झाला. संथ आणि एकसारख्या गतीने फिरणाऱ्या नळकांड्यावर कागद गुंडाळलेला, त्यावर लेखणी सतत रेघ ओढते. वेधशाळेच्या घड्याळाने दर सेकंदाला विजेचा स्पर्श दिला की रेघेत छोटा खाचा उमटतो. निरीक्षकाच्या हातात किल्ली. तारा उभ्या तारेवर आला की ती दाबायची, आणखी एक खाचा. नंतर फूटपट्टीने दोन खाचांमधलं अंतर मोजलं की झाली वेळ. कान बाद झाला, फरक कमी झाला, संपला मात्र नाही, कारण बोट होतंच. १९व्या शतकाच्या शेवटी जर्मनीच्या रेप्सोल्ड यांनी किल्लीसुद्धा काढून टाकली. निरीक्षक एक सरकती तार चाकाने ताऱ्याबरोबर फिरवत ठेवतो आणि ठरावीक जागी आली की तारच विजेचा स्पर्श करून नोंद करते. नेमका क्षण ठरवायचं काम माणसाकडे उरलंच नाही.

आपल्याकडे कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. ईस्ट इंडिया कंपनीने ती काढली ती मुख्यतः वेळ आणि खगोलाच्या वेधांसाठी, म्हणजे जहाजांच्या गरजेपोटी. बोटीवरच्या क्रोनोमीटरला किनाऱ्यावर खरी वेळ लावून घेतल्याशिवाय रेखांश निघत नसे. पुढे तिथलं चुंबकीय काम जास्त गाजलं आणि विजेच्या ट्राम येणार म्हणून ते १९०४ मध्ये अलिबागला हलवावं लागलं.

अळूवडी

अवांतर: कुलाब्याचं नाव आलंच आहे तर, मुंबईची स्वतःची वेळ होती हे किती जणांना माहीत आहे? ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईत १९५५ पर्यंत जुनी वेळ पाळणारे होते. म्हणजे एकाच शहरात ३९ मिनिटांच्या फरकाने दोन वेळा. लग्नपत्रिकेत कुठली वेळ ते लिहावं लागत असणार.

धावपट्टी

मी शाळेत क्रीडाशिक्षक होतो, तालुका आणि जिल्हा स्पर्धांत वेळाधिकारी म्हणून उभा राहिलोय. लंबक यांचा मुद्दा मैदानावर रोज दिसतो.

१०० मीटरची शर्यत घ्या. पंच सुरुवातीच्या रेषेवर पिस्तूल झाडतो, वेळाधिकारी शेवटच्या रेषेवर. आवाजाला तिथवर यायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. म्हणून आवाजावर बटण दाबायचंच नाही, पिस्तुलाचा धूर किंवा ठिणगी दिसली की दाबायचं. नवख्या माणसाचं बोट हमखास आवाजाला हलतं आणि त्याच्या घड्याळात मुलं भलतीच वेगवान निघतात. शेवटी उलटं होतं: धावणारा येताना दिसत असतो, त्यामुळे बोट रेषेच्या आधीच अधीर होतं. सुरुवातीला उशीर, शेवटी घाई, दोन्हीमुळे वेळ कमीच भरते. म्हणून हाताने घेतलेली १०० आणि २०० मीटरची वेळ यंत्राच्या वेळेशी तुलना करताना तिच्यात ०.२४ सेकंद मिळवायची पद्धत आहे, ४०० ला ०.१४. तिघांनी वेळ घ्यायची. दोघांची जुळली तर ती धरायची, तिघांची वेगळी आली तर मधली. आणि हाताच्या वेळेत शंभरावा भाग लिहायचा नाही. १०.११ आलं तर १०.२ लिहायचं.

मिल्खासिंग यांची रोम १९६० ची ४०० मीटरची वेळ कुठे ४५.६ तर कुठे ४५.७३ दिसते. पहिली हाताची, दुसरी यंत्राची. कोणी कोणाला खोटं पाडत नाही.

त्याच रोममध्ये पोहण्यात जे झालं ते मात्र लाजिरवाणं होतं. १०० मीटर फ्रीस्टाइल, ऑस्ट्रेलियाचा जॉन डेव्हिट आणि अमेरिकेचा लान्स लार्सन. डेव्हिटच्या तिन्ही वेळाधिकाऱ्यांनी ५५.२ दिली. लार्सनच्या तिघांनी ५५.०, ५५.१, ५५.१. म्हणजे सगळी घड्याळं लार्सनच्या बाजूने. पण पंचांची नजर विभागली आणि मुख्य पंचांनी डेव्हिटला सुवर्णपदक दिलं. लार्सनची वेळ बदलून ५५.२ केली गेली! घड्याळ असूनही डोळ्यावर विश्वास ठेवला, तोही दुभंगलेल्या डोळ्यावर. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपर्यंत भिंतीवर स्पर्शपट्टी आली आणि पोहणारा स्वतःच्या हाताने घड्याळ थांबवू लागला.

रानजाई

मग ट्रॅकवर काय? तिथे कोणी भिंतीला हात लावत नाही. पी. टी. उषा तर शंभराव्या भागाने हुकली होती ना?

धावपट्टी

हो. लॉस एंजेलिस १९८४, ४०० मीटर अडथळा, उषा ५५.४२, रोमानियाची कोजोकारू ५५.४१. ते ठरलं फोटो-फिनिशवर, आणि तो फोटो कसा असतो हे समजून घेण्यासारखं आहे.

तो नेहमीसारखा एका क्षणाचा फोटो नसतो. कॅमेऱ्यासमोर एक अरुंद उभी फट असते आणि तिच्यातून फक्त शेवटची रेषा दिसते, बाकी मैदान नाही. फटीमागे फिल्म सरकत राहते. आता फिल्मच्या जागी सेन्सर आहे, तो सेकंदाला हजारो वेळा तीच रेषा टिपतो. हे सगळे उभे धागे शेजारी शेजारी लावले की चित्र तयार होतं. त्यात डावी-उजवीकडे जागा नसते, वेळ असते. म्हणून कधी कोणाचा पाय रबरासारखा लांबलेला दिसतो: तो पाय रेषेवर टेकून जास्त वेळ थांबलेला असतो. चित्राच्या खाली वेळेची पट्टी. परीक्षक उभी रेघ सरकवून खेळाडूच्या धडाच्या पुढच्या कडेला लावतो आणि वेळ वाचतो. डोकं, हात, पाय धरत नाहीत.

सुरुवातीलाही बोट काढून टाकलंय. पिस्तुलातून थेट यंत्राला इशारा जातो. प्रत्येक खेळाडूच्या मागे स्पीकर असतो, नाहीतर पिस्तुलाजवळच्या लेनवाल्याला आवाज आधी पोचतो. आणि इशाऱ्यापासून ०.१०० सेकंदाच्या आत कोणी हलला तर तो अंदाजाने निघाला असं धरून बाद.

दारूगोळा

वाचतोय. माझ्या क्षेत्रातलं एक यंत्र सांगतो, ज्यात घड्याळच नाही. तोफगोळ्याचा वेग मोजायला बेल्जियमच्या ले बूलांजे या तोफखान्याच्या अधिकाऱ्याने १८६० च्या दशकात क्रोनोग्राफ बनवला. गोळ्याच्या वाटेत ठरावीक अंतरावर तारांच्या दोन चौकटी उभ्या करायच्या. पहिल्या चौकटीची वीज एका विद्युतचुंबकाला, त्याला लांब दांडा लटकलेला. दुसरीची दुसऱ्या चुंबकाला, त्याला आखूड वजन. गोळ्याने पहिली तार तोडली की लांब दांडा खाली पडू लागतो. दुसरी तार तुटली की वजन पडतं, खालच्या खटक्यावर आदळतं, आणि खटक्याने सुटलेली सुरी पडत्या दांड्यावर खाच मारते. खाच किती उंचीवर पडली तेवढं मोजायचं. दांडा ०.१५ सेकंदात ११ सेंटीमीटर पडतो, म्हणजे सेकंदाचा हजारावा भागसुद्धा दांड्यावर दीड मिलिमीटरचा होतो, साध्या डोळ्यांना दिसेल इतका. वजन पडून सुरी सुटेपर्यंतचा वेळ वजा करायला दोन्ही चुंबक एकदम सोडून आधी एक खाच मारून घेत. मानवी हात कुठेही नाही, काळ मोजतंय ते गुरुत्वाकर्षण. मला आजही हे यंत्र सगळ्यात सुंदर वाटतं.

अळूवडी

आणि आपलं घटिकापात्र? तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं वाटीसारखं भांडं पाण्यावर सोडायचं, भरून बुडालं की एक घटिका, २४ मिनिटं. दिवसाच्या साठ घटिका, घटिकेची साठ पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. लग्नाच्या मुहूर्ताला काही घरांत अजून ठेवतात.

भास्कराचार्यांच्या मुलीची आख्यायिका याच पात्राची आहे. मुहूर्तासाठी घटिकापात्र लावलं होतं, ती कौतुकाने वाकून बघत असताना अंगावरचा मोती पात्रात पडला, भोक बुजलं, पात्र बुडालंच नाही आणि मुहूर्त टळला. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथाचं फारसी भाषांतर केलं, त्याच्या प्रस्तावनेत ही गोष्ट येते. खरी असेल असं नाही. भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख मात्र चाळीसगावजवळ पाटण्याला खरोखर आहे.

जुनाबाजार

१९६९ राहिलं. आपोआप चावी भरणारा क्रोनोग्राफ त्या वर्षापर्यंत बाजारात नव्हता. जानेवारीत झेनिथने एल प्रिमेरो जाहीर केलं, मार्चमध्ये हॉयर, ब्राइटलिंग, हॅमिल्टन यांच्या गटाने कॅलिबर ११, आणि सेकोचं ६१३९ त्याच वसंतात जपानमध्ये विकायलाही आलं. पहिलं कोण यावर संग्राहक अजून वाद घालतात. माझं मत सेकोला, कारण जाहीर करणं वेगळं आणि दुकानात ठेवणं वेगळं. त्याच डिसेंबरात सेकोनेच क्वार्ट्झ मनगटी घड्याळ आणलं आणि या सगळ्यांच्या पोटावर पाय आला. झेनिथच्या मालकांनी यांत्रिक काम बंद करायला सांगितलं तेव्हा शार्ल व्हेर्मो या कारागिराने एल प्रिमेरोचे साचे आणि अवजारं पोटमाळ्यावर लपवून ठेवली. आज ते यंत्र बनतंय ते त्याच्यामुळे.

आणि लंबक, बोटाला इतकंही नावं ठेवू नका. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ या अमेरिकी चांद्रयानावर वीज वाचवायला यंत्रणा बंद कराव्या लागल्या होत्या. परतीच्या मार्गात दुरुस्तीसाठी १४ सेकंद इंजिन चालवायचं होतं, ते जॅक स्विगर्टने मनगटावरच्या ओमेगा स्पीडमास्टरवर मोजलं.

लंबक

जुनाबाजार, मान्य. १४ सेकंदांत बोटाची दोन दशांशांची चूक खपते. काय मोजायचंय त्यावर सगळं आहे. पोहण्याचंच बघा: १९७२ च्या म्युनिकमध्ये ४०० मीटर मेडलेत स्वीडनच्या गुनार लार्सनने (रोमचा लार्सन वेगळा) अमेरिकेच्या टिम मॅकीला ०.००२ सेकंदांनी हरवलं, ४:३१.९८१ विरुद्ध ४:३१.९८३. त्या वेगाने हे अंतर जेमतेम तीन मिलिमीटर होतं. तलावाच्या दोन लेनच्या लांबीत याहून जास्त फरक असू शकतो, म्हणजे घड्याळ भिंतीपेक्षा हुशार झालं होतं. त्यानंतर निकाल शंभराव्या भागापर्यंतच धरू लागले. रिओ २०१६ मध्ये १०० मीटर बटरफ्लायला फेल्प्स, ले क्लोस आणि चेह तिघांना ५१.१४ वर रौप्य मिळालं, आणि ते योग्यच झालं.

रानजाई

डिसेंबरात जयपूरला जातोय. जंतरमंतरला या दृष्टीने काय बघू?

खगोलमित्र

सम्राट यंत्र. २७ मीटर उंचीचा त्रिकोणी शंकू (सावली पाडणारी भिंत), त्याची सावली दोन्ही बाजूंच्या संगमरवरी कमानींवर पडते आणि सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, उभं राहिलं तर चालताना दिसते. दोन सेकंदांपर्यंतची वेळ वाचता येते असं सांगतात, पण ते आपोआप होत नाही. सूर्य बिंदू नाही, बिंब आहे. स्वतःच्या रुंदीएवढं सरकायला त्याला दोन मिनिटं लागतात, त्यामुळे सावलीची कड धूसर असते. नुसतं बघून वाचलं तर दोघांचं उत्तर दोन तऱ्हेचं येईल. एक सुतळी किंवा बारीक काडी कमानीच्या जरा वर, कडेला समांतर धरा आणि हळूहळू सरकवा. तिची स्वतःची बारीक सावली मोठ्या सावलीच्या धूसर पट्ट्यात जिथे विरून जाते, ती कड. येणारा आकडा जयपूरची स्थानिक सौर वेळ आहे. प्रमाणवेळेसाठी रेखांशाची सुमारे २७ मिनिटं मिळवा, आणि त्या तारखेची सूर्याची पुढे-मागे असणारी मिनिटंही धरा, ती पंचांगात किंवा तिथल्या फलकावर मिळतात. दुपारी बाराच्या आसपास गर्दी असते, सकाळी दहाला जा.